मान खाली, मकान खाली

ये, अशी जवळ बस. कागदावरच का होईना, पण जवळ सरकून बस. आधी तुला थोडं रागवून घेते, मग बाकीचं बोलू. इंदूर ते उज्जैन रस्ता तो केवढा. बसमध्ये डोळा लागतो न लागतो तोवर कंडक्टर ओरडायला लागतो, चलो उज्जैनवाले. तरी तुला यायला फुरसत नाही. मावशी आहे, फोन उचलते, फार खोकत नाही, म्हणजे ठीकच असेल, असं तुझं चाललेलं असतं. तुझी आई असती तर तिनं तुला कान धरून आणलं असतं. ती नाही, म्हणून तो कान आता माझ्या ताब्यात आहे असं समज.

आणि दुसरं रागावणं असं, की माणूस फोन मध्येच ठेवून देतो तेव्हा तो दर वेळी चिडलेलाच असतो असं नाही. तू त्यानंतर दोनदा फोन लावलास, मी उचलला नाही. मग तुझा मेसेज आला, ‘मावशी, सॉरी, माझं काही चुकलं का?’ तुझं काही चुकलं नाही. चुकलं ते फार जुनं आहे, आणि तेव्हा तू कशाला, तुझी आईसुद्धा पाच वर्षांची होती.

तू तो व्हिडिओ पाठवलास ना, गेल्या आठवड्यात. तुझी लेक शाळेच्या कपड्यांत स्टुलावर बसलेली, तू मागे उभी राहून तिच्या वेण्या घालतेस आणि घालता घालता गातेस. जावईबापूंनी काढला असणार, अर्ध्या काचेवर बोट आलंय. ते असो. तू गात होतीस:

मकान खाली गं मकान खाली,
गुंत्यातून गं वाट निघाली.

चारदा पाहिला मी तो. पाचव्यांदा पाहायचा सोडून तुला फोन लावला आणि म्हटलं, अगं ठोंबे, मकान नाही, मान. मान खाली. वेणी घालताना पोरीला मान खाली घालायला सांगतात, मकान कशाला खाली करायला लावतेस? तू हसलीस, आणि हसत हसत एक वाक्य बोललीस. ते ऐकलं आणि मी फोन ठेवला.

ते वाक्य मी इथे लगेच लिहीत नाही. त्याच्या आधीचं तुला कुणी सांगितलेलं नाही. तुला एवढंच माहीत, की मावशी लहानपणी आत्याकडे वाढली. का वाढली, ते घरात कुणी बोलायचं नाही. मी तर नाहीच.

हे गाणं माझ्या आईचं. म्हणजे तुझ्या आजीचं, जिला तू पाहिलं नाहीस. आई खानदेशातली, लग्न होऊन उज्जैनला आली. ती म्हणायची, हे गाणं तिला तिच्या आईनं शिकवलं. मला काही ते खरं वाटत नाही. पुढे मी कितीतरी खानदेशी बायकांना विचारलं, कुणालाच ते ठाऊक नव्हतं. तिनंच रचलं असणार आणि लाजून आईच्या नावावर ढकललं असणार. तेव्हाच्या बायका तशाच. आमटी चांगली झाली म्हटलं तर म्हणायच्या, डाळच चांगली होती.

सकाळी शाळेच्या आधी वेणीचा कार्यक्रम. आई पाटावर बसायची, मी तिच्या पुढ्यात जमिनीवर, तिच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये. चुलीच्या कडेला ठेवून कोमट केलेलं वाटीभर तेल आणि लाकडी फणी. माझे केस कसे होते म्हणून सांगू, दाट आणि कुरळे, एका रात्रीत असा गुंता व्हायचा की जसं काही कुणी आत घरटं बांधलंय. फणी लागली की मी भोकाड पसरायची. म्हणून ते गाणं. आई मानेवर, अगदी इथे, केस संपतात तिथे, एक बोट टेकवायची. दाबायची नाही, नुसतं टेकवायची. ती खूण. मग माझी मान आपोआप खाली जायची आणि ती सुरू करायची:

मान खाली गं मान खाली,
गुंत्यातून गं वाट निघाली.
एक पेड आजोळचा, एक पेड घरचा,
एक पेड कोण जाणे कुठल्या दूरचा.

तुझ्या लेकीला सांग, पेड म्हणजे हिंदीतलं झाड नव्हे. वेणीच्या तीन बटा असतात त्यांना पेड म्हणतात. ती इंदूरची, तिला झाडच वाटणार. मलाही वाटायचं. माझ्या डोळ्यांपुढे यायचं, आजोळी एक झाड आहे, आमच्या घरी एक झाड आहे आणि एक झाड कुठेतरी खूप लांब आहे, जे अजून कुणी पाहिलेलं नाही. आईला मी हे कधी सांगितलं नाही. तिनं दुरुस्त केलं असतं आणि माझी झाडं गेली असती.

वेणी शेवटपर्यंत येईतो हेच कडवं फिरून फिरून. मग रिबीन बांधून झाली की ती मला खांद्याला धरून स्वतःकडे वळवायची, हनुवटी हातात घ्यायची आणि दुसरं कडवं म्हणायची. दोनच ओळींचं होतं ते:

मान वर गं मान वर,
तोंड दाखव घडीभर.

आणि खरंच पाहायची. घाई असायची, दूध उतू जात असायचं, बाबा धोतराला निऱ्या घालत आतून विचारत असायचे की डबा झाला का, पण ती घडीभर पाहायचीच. तेलकट बोटं माझ्या हनुवटीला. मी मुद्दाम डोळे तिरळे करायची. ती हसायची नाही, नुसती पाहायची. मग म्हणायची, जा आता.

बाबा सरकारी कचेरीत कारकून. मी जन्मले तेव्हा ते ग्वाल्हेर संस्थानचे नोकर होते. मी धावायला लागले तोवर देश स्वतंत्र झाला होता आणि संस्थान जाऊन मध्य भारत झालं होतं, आणि बाबा मध्य भारतचे नोकर. टेबल तेच, खुर्ची तीच, खुर्चीचा डुगडुगणारा पायही तोच. बाबा गंमतीनं म्हणायचे, मी जागचा हललो नाही, राज्यंच माझ्याखालून जातात. तेव्हा त्यांना ठाऊक नव्हतं की तिसरं राज्य त्यांना हलवून नेणार आहे.

आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो, माडीवर. खाली मकानमालकीण. तिला सगळी गल्ली जीजी म्हणायची, आम्हीही. जीजी मालवी, अंगानं भरलेली, तोंडानं फटकळ, आणि तुझ्या आईवर तिचा फार जीव. तुझी आई तेव्हा तीन वर्षांची. दिवसभर खाली जीजीकडेच असायची, त्यामुळे तिला मराठी नीट यायचीच नाही. आमच्या घरात तसंही भांडण हिंदीत आणि लाड मराठीत अशी वाटणी होती. तुझ्या आईचे लाडसुद्धा हिंदीतच व्हायचे.

आई तिच्याही चार केसांची शेंडीएवढी वेणी घालायची, तेच गाणं म्हणत. मान हा शब्द काही त्या पोरीच्या ओळखीचा नव्हता. मकान होता. जीजीच्या तोंडी दिवसातून दहा वेळा मकान. आणि खाली म्हणजे तर हिंदीत रिकामंच. झालं. एके दिवशी बाईसाहेब जिन्याच्या पायरीवर बसून पळीनं कठडा बडवत गायला लागल्या, मकान खाली गं मकान खाली. आम्ही हसलो. हसलो म्हणून तिनं दिवसभर तेच लावलं.

दुसऱ्या दिवशी जिन्यावर पावलं वाजली. एक नवराबायको वर आले, मागे जीजी. नवरा भिंतीवर टिचकी मारून पाहतोय, बायको कोनाड्यात वीत लावून मोजतेय की तिचे देव मावतील का. आई कणकेच्या हातांनी उभीच. जीजीचं तोंड फुगलेलं. ती म्हणाली, ‘बाई, जाना है तो जाओ, रोकूँगी नहीं. पर छोरी के मुँह से क्यों कहलवाया?’

आईला आधी काही कळेना. मग कळलं तेव्हा ती इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. मग तिनं जीजीला खाली बसवलं, तिच्या मानेवर बोट टेकवलं आणि सगळं गाणं म्हणून दाखवलं. ते नवराबायको उभ्या उभ्या ऐकत होते. शेवटी जीजीलाही हसू आलं. उठता उठता ती म्हणाली, ‘तुम्हारी मराठी भी अजब है बाई. मान ही खाली हो गया तो बचा क्या?’ हिंदीत मान म्हणजे अब्रू ना, इज्जत. आई त्यावर पुन्हा हसली.

तो तिचा हसण्याचा आवाज मला आठवतो, कारण नंतर तसा ऐकला नाही.

संध्याकाळी बाबा कचेरीतून आले. जीजीनं त्यांना खालीच गाठून गंमत सांगितली. ते हसले नाहीत. वर आले, टोपी हातात घेऊन उभे राहिले आणि आईला विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? आई म्हणाली, काय सांगितलं? मग त्यांनी सांगितलं. नवं राज्य झालं होतं, राजधानी भोपाळ ठरली होती, आणि त्यांचा पूर्ण विभाग तिकडे जायचा होता. हुकूम त्याच दुपारी हातात पडला होता. तुझी आई पळी घेऊन मध्ये उभी होती. तिनं बाबांना पाहिलं आणि खूश होऊन पुन्हा सुरू केलं, मकान खाली गं मकान खाली. कुणी तिला गप्प केलं नाही.

त्या दिवसानंतर आई वेणी घालताना पहिल्या ओळीला थोडी अडखळायची. मान, असं म्हणून थांबायची, मग खाली म्हणायची.

भोपाळला तेव्हा राहायला जागाच नव्हती. चारी दिशांनी माणसं येऊन पडलेली. बाबांच्या कचेरीतल्या एकानं स्वतःच्या बिऱ्हाडातली एक खोली यांना दिली. एका खोलीत नवराबायको आणि दोन मुली, वर माझी शाळा वर्षाच्या मध्यावर. तेव्हा असं ठरलं की सरकारी क्वार्टर मिळेपर्यंत मी इथे फ्रीगंजात आत्याकडे राहायचं. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. आतोबा शाळेत मास्तर, घरात मूलबाळ नाही. होळीपर्यंतच तर आहे, असं सगळे म्हणाले. जायच्या सकाळी आईनं वेणी घातली. सगळं गाणं म्हटलं, दोन्ही कडवी. घडीभर तोंड पाहायचं त्याऐवजी इतकं पाहिलं की टांगेवाला खालून ओरडायला लागला. मी डोळे तिरळे केले नाहीत.

होळी आली आणि गेली. क्वार्टर नव्हतं. बाबा दोनदा येऊन गेले, पेढे घेऊन. आईची कार्डं यायची. प्रत्येक कार्डात शेवटी, वेणी रोज घालत जा. पुढच्या पावसाळ्यापासून तीही बाबांच्या अक्षरात यायला लागली. आईचं अक्षर नाही, वेणीची ओळ नाही. मी आत्याला विचारलं की आई का लिहीत नाही, का येत नाही. आत्या म्हणाली, कामात असते. मी पुन्हा विचारलं, ती पुन्हा तेच म्हणाली.

खरं काय होतं ते मला पुढे कळलं, माझ्या पहिल्या बाळंतपणात, आत्यानंच सांगितलं. आईला मूल झालं होतं ते गेलेलंच जन्माला आलं, आणि मग ताप. आठ-नऊ महिने ती अंथरुणाला होती. लेकरांना असलं काही सांगायचं नाही, हा तेव्हाचा नियम. नियम चांगल्या मनानं केलेला, पण मधल्या जागी लेकरू आपल्या मनानं काहीतरी भरून टाकतं, हे कुणाच्या लक्षात येत नाही. मी भरलं ते असं, की आईला एकच वेणी पुरते. धाकटी आहे ना तिच्याकडे.

आत्या वाईट नव्हती, हे नीट वाच. आत्यानं मला उणं पडू दिलं नाही. ती दोन घट्ट वेण्या घालायची, दुमडून वर बांधायची, गाणं नाही काही नाही, दोन मिनिटांत काम. दुखायचंही नाही. मला ते आवडायला लागलं होतं. तिला मी रात्री जवळ झोपायला लागते, आणि आतोबांना चहा मीच नेऊन द्यावा लागतो, असं सगळं हळूहळू रुजत गेलं होतं. दोन वर्षं म्हणजे लहान माणसाला फार होतात.

आणि मग एका सकाळी आई आली. आधी कार्ड नाही, काही नाही. हातात एक पिशवी आणि दुसऱ्या हाताशी तुझी आई, पाच वर्षांची, दात पडलेली. आई इतकी वाळली होती की मी क्षणभर ओळखलंच नाही. ती दारातच म्हणाली की क्वार्टर मिळालं, दोन खोल्या आहेत, मागे अंगण आहे, चल, तुझं सामान भरू. आत्या स्वयंपाकघरात गेली ती बाहेर आलीच नाही. फोडणीचा आवाज नाही, भांड्याचा आवाज नाही. मला सगळं ऐकू येत होतं, म्हणजे जे येत नव्हतं ते.

आईनं सामानाचं पुन्हा काढलं नाही. तिला माझ्या तोंडावरून कळलं असावं. ती म्हणाली, ये, आधी वेणी घालू. मी बसले. आत्याची वेणी तिनं सोडली, फणी फिरवली. आणि मानेवर, इथे, बोट टेकवलं.

मान खाली गं मान खाली.

मी मान ताठ ठेवली. तिला वाटलं मी विसरले. तिनं पुन्हा टेकवलं, या वेळी थोडं दाबलं. पुन्हा पहिली ओळ. मी भिंतीवरच्या खिळ्याकडे पाहत होते आणि सगळा जोर मानेत घेतला होता. इतका, की मान थरथरायला लागली. तिच्या बोटालाही ते कळलं असणार. तिसऱ्यांदा ती गायची थांबली आणि विचारलं, ‘माझ्यावर रागावलीस का गं?’

मी हिंदीत बोलले. घरात भांडण हिंदीत असायचं हे तुला सांगितलंच. पण मी त्याहून वाईट केलं. मी म्हणाले, ‘आप जाइए.’

आपल्यात आईला आपण काय म्हणतो? तू. तू जेव, तू बस, तू जा. नुसतं तू जा म्हटलं असतं तर ती चिडली असती, पाठीत धपाटा घातला असता, मी रडले असते आणि संध्याकाळच्या गाडीनं भोपाळला गेले असते. पण मी तिला आप म्हटलं. शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं, दारात आलेल्या परक्या बाईला म्हणतात तसं. अकरा वर्षांच्या पोरीला बरोबर कळलं होतं की कुठला शब्द कुठे लागतो. हिंदीत तो मानाचा शब्द. मी तो मान देऊन तिला परकी केली.

मान ताठ असलेल्या पोरीची वेणी तिनं पूर्ण घातली, तीनही पेड नीट, शेवटपर्यंत, न गाता. रिबीन बांधली. मला वळवलं नाही. हनुवटीला हात लावला नाही. मी वाट पाहत होते हे कुणाला सांगितलं तर हसतील, पण मी वाट पाहत होते. तिनं दुसरं कडवं म्हटलं असतं तर मी वळले असते. ती उठली, फणीतले केस काढून गुंडाळी केली आणि स्वयंपाकघरात आत्याकडे गेली. त्या दोघी काय बोलल्या ते मला माहीत नाही. संध्याकाळच्या गाडीनं ती तुझ्या आईला घेऊन परत गेली. आतोबा स्टेशनवर पोचवायला गेले. मी गेले नाही.

त्यानंतर काही संबंध तुटला असं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी भोपाळला जायची, पंधरा-पंधरा दिवस राहायची. अंगणात आईनं जाई लावली होती. ती मला आवडीचं करून घालायची, मी खायची. पण वेणी माझी मी घालायची. ती विचारायची नाही, मी सांगायची नाही. मी असताना तुझ्या आईचीही वेणी ती माझ्यासमोर घालत नसे, मागच्या अंगणात घेऊन जायची. मला वाटायचं, दोघींचं काहीतरी आहे त्यात मला घ्यायचं नाही. माझं लग्न उज्जैनमध्येच झालं. लग्नाच्या दिवशी माझा अंबाडा शेजारच्या एका काकूंनी घातला आणि आई दारात गजरा हातात धरून उभी होती. काकूंनी तो तिच्या हातातून घेतला आणि खोवला. मी आरशात पाहिलं. आई आरशातूनच माझ्याकडे पाहत होती. मान वर करून मागे वळायला किती लागतं? मी वळले नाही, कारण अंबाडा सुटला असता. असंच तेव्हा वाटलं.

त्यानंतर तीन वर्षांनी ती गेली. विचारायचं राहून गेलं. काय विचारायचं होतं? एवढंच, की त्या सकाळचं तुझ्या मनात आहे का. तुला वाटलं का, की मला तू नकोस.

तुझी आई आणि मी पन्नास वर्षं बोलत होतो. लोणच्यांबद्दल, सुनांबद्दल, गुडघ्यांबद्दल. दर रविवारी फोन. पण या गाण्याबद्दल एकदाही नाही. तिला वाटत असणार की ताईला सगळं माहीत आहे. आणि मी विचारलं नाही, कारण ती काय सांगेल याची भीती. पोळी लाटताना, नातवाचे केस पुसताना ते गाणं माझ्या तोंडात यायचं आणि पहिल्या ओळीलाच मी दुसरं काहीतरी बोलायला लागायची. माझ्या मुलांपैकी कुणाला ते येत नाही. एकालाही नाही.

आणि त्या दिवशी फोनवर मी तुला म्हटलं, मकान नाही, मान. आणि तू हसून म्हणालीस, ‘मावशी, आईनंही आजीला असंच टोकलं होतं. तर आजी म्हणाली, तुझी ताई उज्जैनला राहिली, माझं मकान खालीच आहे. मी असंच गाणार.’

यानंतर मी फोन कसा धरून ठेवणार होते, तूच सांग.

आठ दिवस मी त्या वाक्याला उलटंसुलटं करून पाहते आहे. मागच्या अंगणात जाऊन ती हे गात होती. मला ऐकू जाऊ नये म्हणून. दोन खोल्यांचं क्वार्टर, ज्यासाठी दोन वर्षं वाट पाहिली, त्यात नवरा आहे, धाकटी आहे, जाई फुलली आहे, आणि ही बाई रोज सकाळी गाते की घर रिकामं आहे. मला समाधान झालं असेल असं समजू नकोस. समाधान कसलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी नुसती माझ्या वाट्याची मान ताठ ठेवली. तो ताठा तिच्याही मानेवर बसला होता, हे आता कळलं, जेव्हा सांगायला ती नाही आणि तुझी आईही नाही.

तुझा दुसरा मेसेज मी नंतर वाचला. तू विचारलंस, ‘मावशी, याच्या पुढे काही आहे का? आईला एवढंच यायचं.’ म्हणजे भोपाळला दुसरं कडवं कधी गायलंच गेलं नाही. तुझ्या आईला मान वर म्हणून कुणी हनुवटीला धरलं नाही. माझ्यासाठी म्हणून आईनं ते बाजूला ठेवलं होतं का? असं म्हणायला मन होतं माझं. पण कोण जाणे, आजारपणात विसरलीही असेल. गेलेल्या माणसाच्या मनातलं आपल्या सोयीनं लिहू नये. आणि धाकटीला मिळालं नाही ते माझ्यापायी, हेही त्यात आलंच. तिनं एकदाही तक्रार केली नाही. तिला ठाऊकच नव्हतं की काही राहिलंय.

तर आता ऐक. तू गातेस ते बदलू नकोस. मी दुरुस्त केलं ते मागे घेते. तुझ्या लेकीला मकान खालीच शिकव, आजीनं स्वतः तसं केलंय, त्याला हात लावायचा अधिकार मला नाही. पण पुढचं कडवं तिला मी शिकवणार. वर लिहिलं आहे खरं, तू वाचलंसही, पण ते वाचून येत नाही. फोनवरही येत नाही, मी करून पाहिलं, आरशासमोर, स्वतःचीच हनुवटी धरून. खुळ्यासारखं वाटलं. त्याला समोर दुसरं कुणी लागतं.

माझ्या बोटांना आता सकाळी जरा आखडल्यासारखं होतं, पण ऊन लागलं की बरी चालतात. एक वेणी नक्की होईल. टावर चौकातून रिबीन आणून ठेवली आहे, लाल एक, निळी एक, कुठली ते तिलाच ठरवू दे. तेल मी कोमट करीन. तिनं मान खाली घातली नाही तरी चालेल, हे तिला आधीच सांगून ठेव. मी ताठ मानेचीही वेणी घालीन, आणि शेवटी तिला वळवीन.

शाळेला सुट्टी नाही असलं काही सांगू नकोस. रविवार असतोच. या रविवारी नाही जमलं तर पुढच्या, पण त्याच्या पुढे ढकलू नकोस. दोघी या, आणि घडीभर तोंड दाखवून जा.